पटावरची मुलं

बोर्ली पंचतनची एसटी नालासोपाऱ्यात सोडते. पश्चिमेहून शेअर रिक्षा. निर्मळच्या दिशेने इमारती विरळ होतात, केळीच्या वाड्या लागतात, मग चर्चचा पांढरा माथा दिसतो. जून अर्धा सरलाय. पाऊस थांबलाय, उकाडा थांबलेला नाही.

आवारात दोन शाळा. इंग्रजी माध्यमाची उंच, नवी. मराठीची बैठी, जुनी, अनुदानित. गावातल्या ख्रिस्ती घरांतली बहुतेक मुलं आता पलीकडच्या जिन्याने चढतात. अलीकडे, पत्र्याच्या शेडखाली, प्रवेशाची रांग.

मैदानावर प्रार्थना चालू आहे. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीतही, मग प्रतिज्ञा. क्रुसाची खूण करणारे हात थोडेच. बाकीचे नुसते जोडलेले.

रांग हलत नाही. पुढे वारली पाड्यावरची आई, कडेवर एक, बोटाला एक. मागे बिगारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार आणि जन्मदाखला. माझं बोलणं ऐकून एक बाई वळतात. "बोर्लीकडचे का हो? कुठल्या पाखाडीतले?" त्या दिघीच्या. श्रीवर्धन तालुक्यातली कित्येक घरं इथल्या चाळींत राहतात, त्यांतलंच त्यांचं.

"सिस्टर, फी किती?"

"आठवीपर्यंत काही नाही. वही-दप्तर नसेल तर सांगा."

अशा अल्पसंख्याक शाळांना गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवलं. या रांगेला त्याचं सोयरसुतक नाही. इथे कुठल्याही सक्तीवाचून शंभर टक्के गरिबांचीच मुलं येतात.

मागच्या पडवीत खिचडी शिजतेय. धूर, घाम, जिऱ्याची फोडणी. मावशी तांदूळ मापाने घालतात: पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम, पुढे १५०. ताटं आत्ताच खणखणू लागली आहेत. पहिलीचा एक पोरगा जेवण कधी म्हणून तिसऱ्यांदा विचारून जातो. सकाळी घरून खाऊन आलेला दिसत नाही.

ऑफिसात सिस्टर हजेरीपट पालथे घालतात. पाड्यावरची सात मुलं अजून आलेली नाहीत. दुपारी त्या स्कूटरने तिकडे जाणार आहेत. माया आहेच, पण हिशेबही आहे. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक, आणि मोजणी ३० सप्टेंबरच्या पटावर. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पदांच्या सरकारी मंजुरीत, शिक्षकाचं पद जातं. इमारत चर्चची असली, तरी पगार सरकारचाच असतो.