तळघरातील पाणी वर चढवणारे पंप

सांडपाणी उतारावरून आपोआप वाहून जावे, या गृहीतकावर इमारतींची मलनिःसारण व्यवस्था उभी असते. मात्र तळघर रस्त्याखालील गटारवाहिनीपेक्षा खोल असले की पाणी उपसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्यासाठी सर्वांत सखल कोपऱ्यात संप, म्हणजे पाणी साठवणारा खड्डा, बांधून त्यात सबमर्सिबल पंप बुडवून ठेवतात. वर बसवलेला पंप वातावरणीय दाबाच्या आधारे पाणी ओढतो, आणि हा दाब पाण्याला तत्त्वतः १०.३ मीटरच उचलू शकतो. बुडालेला पंप पाणी खालून ढकलत असल्याने ही मर्यादा त्याला लागू होत नाही.

झिरपलेल्या पाण्याचा साधा पंप मैल्यासाठी वापरण्याची काटकसर हमखास महागात पडते, कारण त्याच्या इम्पेलरभोवतीच्या, म्हणजे फिरत्या पंख्याभोवतीच्या, अरुंद वाटेत एखादी चिंधी अडकली तरी मोटार जळू शकते. मैलापंपात ही वाट मुद्दाम रुंद ठेवलेली असते. पाण्याची पातळी वाढताच तरंगणारा फ्लोट स्विच पंप चालू करतो, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वर चढलेले पाणी खड्ड्यात परतू देत नाही. पुष्कळदा दोष मोटारीला दिला जातो आणि बिघाड निघतो तो गाळात रुतलेल्या फ्लोटचा.

साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो; त्याला सडक्या अंड्याचा वास असला, तरी प्रमाण वाढताच घ्राणेंद्रिय बधिर होते आणि धोका जाणवेनासा होतो. म्हणूनच चांगल्या रचनेत मैलापंप मार्गदर्शक दांड्यांवर बसवलेला असतो, जेणेकरून दुरुस्तीसाठी तो साखळीने वर ओढता येतो आणि कोणालाही खड्ड्यात उतरावे लागत नाही.