पाऊल चुकवणारी मोटर

घरच्या घरी लाकूड कोरणारे सीएनसी यंत्र बिघडले, की दोष मोटरच्या माथी मारला जातो. खरा दोषी बहुधा तिला चालवणारा टपालाच्या तिकिटाएवढा बोर्ड असतो. तो फेकण्याआधी थोडी तपासणी केली, तर पैसे आणि मेहनत दोन्ही वाचतात.

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधला ‘खुला हात’ वाऱ्यावर फिरतो. हे शिल्प २६ मीटर उंच आहे आणि त्यातला धातूचा पंजाच १४ मीटरचा. ल कॉर्ब्युझिए यांनी कल्पिलेला हा हात त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १९८५ साली उभा राहिला. नांगलच्या कार्यशाळेत तो घडवला गेला. त्याच्या पोटात दांडा आणि बॉल बेअरिंग आहेत. मोटर नाही, वीज नाही. वारा नेईल तिकडे हात वळतो. तो किती अंश वळला याचा हिशेब कुणाला ठेवावा लागत नाही.

त्याच परिसरातल्या सचिवालयाचा कारभार मात्र काटेकोर मापांचा. इमारत २५४ मीटर लांब, ४२ मीटर उंच, आणि दर्शनी बाजूला ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या खणांची ओळच्या ओळ. १८३ सेंटिमीटर उंचीचा माणूस आणि त्याने हात वर केल्यावर भरणारे २२६ सेंटिमीटर, या मापांवर बेतलेली ‘मोड्युलॉर’ पद्धत ल कॉर्ब्युझिए यांनी इथे वापरली. २०१६ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा मान दिला. शहर घडत होते तेव्हा इमारतींचे लाकडी नमुने ज्ञानी रतन सिंग यांच्यासारखे कारागीर हाताने घडवत.

आज असा नमुना कोरायला हौशी माणूस घरातले छोटे सीएनसी यंत्र वापरू शकतो. समजा, सचिवालय हजारपट लहान करून कोरायला घेतले. लांबी झाली २५४ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका हाताच्या वितीहून थोडी जास्त. तीन-चार तास यंत्र खणामागून खण कोरत जाते आणि मध्येच मोटर चार पावले चुकते. तिथून पुढचा प्रत्येक खण सरकलेला! सागाची फळी वाया, दिवस वाया. नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या कोरून चार पैसे मिळवणाऱ्याच्या बाबतीत तर गिऱ्हाईकही वाया.

घड्याळातली बहीण

ही ‘स्टेपर’ मोटर म्हणजे काही नवलाची वस्तू नव्हे. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा टिक टिक करत पुढे सरकतो, तो तिच्याच धाकट्या बहिणीमुळे. विजेचा एक ठोका मिळाला, की एक पाऊल. जुन्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये आणि स्कॅनरमध्येही तीच असे.

सीएनसी यंत्रातली नेहमीची मोटर एका पावलात १.८ अंश फिरते. म्हणजे पूर्ण फेऱ्याला २०० पावले. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू तिला जोडला, तर एका पावलात ०.०४ मिलिमीटर सरकते. ड्रायव्हर बोर्ड या पावलाचेही सोळा तुकडे करू शकतो. त्या हिशेबाने आपले सचिवालय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला १,०१,६०० बारीक पावले लागतात. प्रत्येक पाऊल पडले असेल असे संगणक गृहीत धरतो. मागे वळून पाहण्याची सोय या साध्या यंत्रात नाही.

आणखी एक गंमत. अडलेली मोटर सुटते तेव्हा ती एक-दोन पावले चुकत नाही. तिच्या आतल्या चुंबकीय रचनेमुळे ती चारच्या पटीत पूर्ण पावले चुकते. चार पावले म्हणजे ०.१६ मिलिमीटर. खऱ्या सचिवालयावर ती चूक १६ सेंटिमीटरची ठरेल. कामातली चूक मोजून ती चारच्या पटीत बसली, तर मोटर अडल्याचा संशय पक्का. बसली नाही, तर स्क्रूची ढिली कपलिंग किंवा घसरणारा पट्टा आधी पाहावा.

लक्षणांवरून निदान

मोटरला किती विद्युतप्रवाह द्यायचा, कोणत्या कॉइलमध्ये आणि कधी, हे ठरवतो ड्रायव्हर बोर्ड. वैद्य नाडी पाहतो तशी त्याची लक्षणे पाहावीत.

मोटर जागच्या जागी गुरगुरते, थरथरते, पण फिरत नाही. अशा वेळी चार वायरींच्या जोड्या चुकलेल्या असतात किंवा एक कॉइल तुटलेली असते. वीज बंद करून मल्टिमीटरने दोन-दोन वायरी तपासाव्यात. काही ओहम दाखवणारी जोडी एका कॉइलची. मल्टिमीटर नसेल तर सुट्या मोटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून दांडा बोटांनी फिरवावा. तो जड झाला, की जोडी सापडली.

मोटर एकाच दिशेने फिरते. मग दिशा सांगणारी वायर किंवा तिचा डाग सुटला असावा.

सुरुवातीला छान चालते आणि अर्ध्या तासाने थबकते, थंड झाल्यावर पुन्हा चालते. हा उष्णतेचा विकार. चिप स्वतःला वाचवण्यासाठी झोपी जाते. तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि समोर लहान पंखा बसवावा. मोटर मात्र हाताला चटका देण्याइतकी तापली म्हणून बिघडली असे समजू नये. अनेक मोटरी ८० अंशांची तापमानवाढ सोसतील अशाच बनवलेल्या असतात.

हळू चालताना बरोबर आणि वेगात चुकते. इथे प्रवाह कमी पडतो आहे, किंवा वेग एकदम वाढवला जातो आहे. आधी प्रोग्रॅममधला प्रवेग कमी करून पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत.

प्रीसेटचा हलका हात

हौशी यंत्रांत ए४९८८ नावाची चिप फार दिसते. तिच्या बोर्डावरचा इवलासा प्रीसेट फिरवून प्रवाह ठरवतात, आणि इथेच सर्वाधिक बोर्ड जळतात. प्रीसेटचा धातूचा माथा आणि ग्राउंड यांच्यामधला व्होल्टेज मोजायचा. प्रवाह किती, हे त्या व्होल्टेजबरोबरच चिपजवळच्या दोन चिमुकल्या रेझिस्टरांवरही अवलंबून असते. त्यांच्यावर ‘आर१००’ लिहिले असेल, तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर. ‘आर०५०’ असेल, तर त्याच ०.८ व्होल्टला २ अँपिअर!

दुसऱ्याचा आकडा पाहून आपला बोर्ड लावणारे इथे फसतात. दिसायला दोन्ही बोर्ड सारखेच. म्हणून भिंग घेऊन आधी रेझिस्टर वाचावा, मग व्होल्टेजचा हिशेब करावा. डीआरव्ही८८२५ या भावंड बोर्डाचे सूत्रही वेगळे आहे. मोटरवर छापलेल्या प्रवाहाच्या सत्तर टक्क्यांपासून सुरुवात करून काम भागते का ते पाहणे शहाणपणाचे.

आणखी तीन पथ्ये. वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये. कॉइलमधला प्रवाह एकदम तुटला, की उसळणारा दाब चिपचा प्राण घेतो. बोर्ड उलटा बसत नाही ना, हे दोनदा पाहावे. आणि पुरवठ्याच्या टोकांवर, बोर्डाच्या अगदी जवळ, किमान १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा. साध्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यातही जोडणीच्या क्षणी उठणारी लाट चिपची ३५ व्होल्टची मर्यादा ओलांडू शकते.

बोर्डात बदल करताना

तीन मोटरी एकत्र चालवणारे टीबी६५६० चिपचे स्वस्त बोर्ड अनेकांच्या घरी आहेत. या चिपला आधी ५ व्होल्टचा पुरवठा आणि नंतर मोटरचा पुरवठा लागतो; बंद करताना क्रम उलटा. अनेक बोर्डांत हा क्रम पाळण्याची सोय नसते आणि चिप बटण दाबताक्षणीच जाते. दोन वेगळे स्विच किंवा एक रिले बसवला, तरी हा त्रास टळतो. काही बोर्डांवर ठोक्यांच्या वाटेवर मंद ऑप्टोकपलर असतात. वेग वाढला, की ठोके एकमेकांत मिसळतात आणि पावले हरवतात. तिथे ६एन१३७ सारखा चपळ ऑप्टोकपलर लावता येतो, पण त्याच्या पायांची रचना निराळी असल्याने लहानशी जोडपाटी करावी लागते.

जुना एल२९८ चा बोर्ड कुणाकडे असेल, तर त्याचे डायोड पाहावेत. तिथे जलद डायोड हवेत. नेहमीचा १एन४००७ स्वस्त आणि हाताशी असतो, पण तो फार सावकाश. त्याच्या भरवशावर चिप टिकत नाही.

कामाला बसताना एसएमपीएसचे २३० व्होल्टचे टोक झाकलेले, यंत्राला अर्थिंग, डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी लाल बटण असावे. मुले पाहायला आली, तर कौतुकाने दाखवावे. कटर फिरत असताना मात्र दूर ठेवावे.

पाबळचा धडा

असले उद्योग मोठ्या कारखान्यांतच चालतात, असे मानायचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, हे त्याचे सूत्र. अमेरिकेतल्या एमआयटीने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची ‘फॅब लॅब’ ही कल्पना जगभर नेली, तेव्हा तिच्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी एक २००२ साली याच खेड्यात उभे राहिले.

शे-दोनशे रुपयांचा बोर्ड बदलणे सोपे आहे, आणि कधी कधी तोच योग्य उपाय असतो. पण तो का जळला हे न शोधता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. आधी वायरी, मग पुरवठा, मग प्रवाह, मग उष्णता आणि सर्वांत शेवटी चिप, या क्रमाने तपासणारा माणूस क्वचितच रिकाम्या हाताने उठतो.