श्वासनळीवरचा पहारा

पावसाळ्याच्या दिवसांत परभणी जिल्ह्यातील खेड्यांतून जमिनीवर अंथरुणात निजलेल्या लेकराला मण्यार चावते, तेव्हा त्या दंशाला ना फारशी सूज असते ना वेदना, आणि त्यामुळे पहाटे पापण्या मिटू लागेपर्यंत घरच्यांना विषबाधेचा सुगावाही लागत नाही. हे विष मज्जातंतूंची टोकेच निकामी करीत असल्याने, प्रतिविष दिल्यावरही ती नव्याने घडेपर्यंत काही दिवस बालकाचा प्राण व्हेंटिलेटरच्या हवाली असतो. या बालकाची फुप्फुसे आरंभी बहुधा निरोगी असतात. म्हणून व्हेंटिलेटरवर 48 तास उलटल्यावर त्यांना जो न्यूमोनिया जडतो, तो उपचाराच्याच वाटेने आलेला असतो, हे मला फार बोचते.

श्वासनळीत घातलेल्या ज्या नळीने प्राणवायू आत जातो, तिच्यामुळेच खोकल्याचा नैसर्गिक पहारा उठतो. लाळ नळीवरील फुग्याच्या वर साचते, कडेने झिरपत खाली उतरते, आणि नळीच्या आतल्या अंगाला क्लेब्सिएला, सुडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर अशा, प्रतिजैविकांना सहसा न जुमानणाऱ्या जंतूंचा चिकट थर धरतो.

यावरचा बंदोबस्त सारा हातांचा आहे. प्रत्येक स्पर्शापूर्वी हात स्वच्छ करावेत, उशाकडील बाजू 30 ते 45 अंश उचललेली असावी, दात नियमित घासावेत. आणि कूस बदलण्यापूर्वी व्हेंटिलेटरच्या नळ्यांत साचलेले पाणी मुलाच्या घशाकडे वळू न देता परिचारिकेने ते बाजूच्या भांड्यात उतरवावे. ठरावीक दिवसांनी नळ्यांचा संच बदलण्याचा जुना शिरस्ताही आता मोडीत निघाला आहे, कारण जोड उघडला की जंतूंना दार मोकळे होते. विषाने पापणीही न उचलणारे ते लेकरू पुष्कळदा सारे ऐकत असते, तेव्हा हे करताना त्याच्याशी अवश्य बोलावे. आणि नळी शक्य तितक्या लवकर निघावी, यासाठी मूल स्वतः श्वास घेऊ लागले काय, हे दररोज तपासावे.

हातांचा हा पहारा यंत्राहून जुना आहे. 1952 साली कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी 12 वर्षांच्या मुलीच्या गळ्यात नळी बसवून, पिशवी हाताने दाबून तिला जगविले, आणि पुढे सुमारे 1500 विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या खाटांशी बसून पिशव्या दाबीत राहिले. यंत्र आले आणि खाटेजवळचा तो माणूस उठला. परभणीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे व्हेंटिलेटरच्या खरेदीची तजवीज होईल, तेव्हा त्याच दप्तरात प्रत्येक यंत्रामागे, प्रत्येक पाळीस, एका प्रशिक्षित परिचारिकेच्या पदाची मंजुरीही असावी.