मोटारप्रेमी मंडळे व मोटारगाडीतील कार्यमान-सुधारणा

मोटारगाडीकडे केवळ वाहतुकीचे साधन म्हणून न पाहता तिची रचना, इतिहास, देखभाल व ती चालविण्याचे कौशल्य यांत रस घेणाऱ्या व्यक्तींच्या ऐच्छिक संघटनेला मोटारप्रेमी मंडळ म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत मालकाने स्वतः किंवा एखाद्या मिस्तरीच्या मदतीने फेरफार करून तिची शक्ती, प्रवेग, पकड अथवा थांबण्याची क्षमता वाढविणे म्हणजे कार्यमान-सुधारणा होय. कार्यमान व कार्यक्षमता या संज्ञा भिन्न आहेत. एंजिनाची शक्ती वाढली म्हणजे इंधनाची बचत होतेच असे नाही. पुष्कळदा उलटेच घडते. गॅरेजमध्ये रूढ असलेला ‘ट्यूनिंग’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. झिजलेल्या वा बिघडलेल्या एंजिनाची जुळवणी करून ते मूळ स्थितीला आणणे हा एक अर्थ आणि मूळ स्थितीच्या पलीकडे नेणे हा दुसरा. पहिली क्रिया पूर्ण झाल्याशिवाय दुसरी हाती घेणे व्यर्थ असते.

इतिहास : मोटारगाडी बाल्यावस्थेत असतानाच तिच्या मालकांची मंडळे निघाली. ऑटोमोबिल क्लब द फ्रान्स हे मंडळ १८९५ मध्ये, तर पुढे रॉयल ऑटोमोबाइल क्लब या नावाने प्रसिद्धीस आलेले ब्रिटिश मंडळ १८९७ मध्ये स्थापन झाले. ही धनिकांची मंडळे होती. रस्ते, नकाशे, कायदे व शर्यती हे त्यांचे विषय होते. स्वस्त गाडी घेऊन ती स्वतःच्या हातांनी सुधारणाऱ्या तरुणांची चळवळ नंतरची आहे. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर फोर्डच्या जुन्या गाड्या वजन कमी करून वेगाने पळविल्या जात. तेथे १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन व १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या संस्था स्थापन झाल्या. रस्त्यांवरील जीवघेण्या शर्यती थांबवून त्या नियमबद्ध धावपट्टीवर नेणे हे दुसऱ्या संस्थेचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. ब्रिटनमध्ये ७५० मोटर क्लब (१९३९) या मंडळाने ऑस्टिन सेव्हन या लहान गाडीवर आधारलेल्या स्पर्धा सुरू केल्या. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची १९४८ मधील पहिली गाडी ऑस्टिन सेव्हनमध्येच फेरफार करून बनविलेली होती.

मुंबईतील परंपरा : वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झाली. स्वातंत्र्योत्तर काळात जुहू विमानतळाच्या धावपट्टीवर, तसेच मद्रासजवळ शोलावरम् येथे मोटारशर्यती होत. देशातील मोटारक्रीडेचे नियमन करणारी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था १९७१ पासून कार्यरत आहे.

तथापि मुंबईतील गाडी-सुधारणेचे मूळ शर्यतीपेक्षा टंचाईत अधिक आहे. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी गाड्या व त्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले, देशी गाड्यांच्या नव्या नमुन्यांना फारसा वाव राहिला नाही व नव्या गाडीसाठी काही वर्षे थांबावे लागे. त्यामुळे हाती असलेली गाडी दशकानुदशके चालती ठेवणे भाग पडले. न मिळणारा भाग लेथवर बनविणे, एका गाडीचा भाग दुसरीला बसविणे व झिजलेले सिलिंडर पुन्हा कोरणे या गोष्टी गरजेतून आल्या. त्यांतूनच सुधारणेचे ज्ञान निपजले.

या ज्ञानाला पोषक असे वातावरण माटुंगा व त्याच्या आसपासच्या भागात होते. सध्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी व्हीजेटीआय ही शिक्षणसंस्था (स्थापना १८८७) १९२३ मध्ये माटुंग्यास आली. रेल्वेचे डबे दुरुस्त करणारा माटुंग्याचा कारखाना १९१५ चा, तर परळची रेल्वे एंजिनांची कार्यशाळा त्याहून जुनी. गिरणगावातील कापड गिरण्यांत फिटर व टर्नर यांची मोठी संख्या होती. ईशान्येस कुर्ला येथे प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने फियाट ११०० ही गाडी भारतात आणली व तीच १९७० नंतरच्या दशकात प्रीमिअर पद्मिनी या नावाने विख्यात झाली. पदवीधर अभियंता, कारखान्यातील कामगार व गल्लीतील मिस्तरी हे तिघेही अशा रीतीने थोड्या अंतरात उपलब्ध होते. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउस परिसरातील दुकाने, मोडीत काढलेल्या गाड्यांसाठी कुर्ला, हत्यारे व बेअरिंगे यांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि जुन्या दुर्मीळ वस्तूंसाठी चोरबाजार ही ठिकाणे मोटारप्रेमींना परिचित आहेत.

मेळावे : मोटारप्रेमींचे मेळावे सामान्यतः रविवारी भल्या पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी भरतात. माटुंगा–दादर भागातील फाइव्ह गार्डन्सभोवतीचे रुंद व झाडीचे रस्ते सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या (स्थापना १८९८) नगररचनेतून निर्माण झाले आहेत. मुंबईत दुर्मीळ असलेली अशी मोकळी जागा या छंदाला सोयीची ठरते. मेळाव्यात गाड्यांची बॉनेटे उघडी ठेवण्याची प्रथा आहे. तीमागे प्रदर्शनाखेरीज परीक्षणाचाही हेतू असतो : केलेले काम इतरांनी पाहावे, प्रश्न विचारावेत व चूक दाखवावी. ठिणगीगुडदीच्या म्हणजे स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रणात इंधन जास्त आहे की हवा, हे सांगणारा अनुभवी सदस्य अशा ठिकाणी भेटतो. त्याच्याकडील हे ज्ञान बहुधा लिखित नसते. ते पाहून व ऐकूनच शिकावे लागते.

मंडळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. जुन्या गाड्या मूळ स्वरूपात जपणाऱ्यांची मंडळे हा पहिला वर्ग होय. ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब (१९३४) हे त्याचे जुने उदाहरण आहे. भारतात द स्टेट्समन या वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या गाड्यांची फेरी सुरू केली. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया हे मंडळ या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. गाडीत हेतुपूर्वक फेरफार करणाऱ्यांची मंडळे दुसऱ्या वर्गात येतात. पहिल्या वर्गात मूळचा स्क्रूदेखील मोलाचा मानतात, तर दुसऱ्यात मूळ रचना हा केवळ आरंभबिंदू असतो. दोघांचेही काम मात्र एकाच प्रकारच्या कारागिरावर अवलंबून असते.

मूलतत्त्वे : पेट्रोल एंजिनाची शक्ती ही दर मिनिटास किती वस्तुमानाची हवा सिलिंडरांत शिरते व तिच्या योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन किती चांगले जळते यांवर अवलंबून असते [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. हवा अधिक घेणे, मिश्रण अधिक दाबणे, एंजिन अधिक वेगाने फिरविणे व घर्षण कमी करणे हेच शक्तिवृद्धीचे मार्ग होत. यांशिवाय गाडीचे वजन घटविणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे.

प्रीमिअर पद्मिनीचे एंजिन उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या चार सिलिंडरांचा व्यास ६८ मिमी. व दट्ट्याची धाव ७५ मिमी. असल्याने एकूण घनफळ सु. १,०८९ घ. सेंमी. भरते. शक्ती सु. ४० अश्वशक्ती होती. सिलिंडर कोरून व्यास ६९ मिमी. केल्यास घनफळ सु. १,१२२ घ. सेंमी. होते, म्हणजे वाढ केवळ ३% होते. संपीडन गुणोत्तर ७·५ वरून ९ केल्यास आदर्श चक्राची सैद्धांतिक कार्यक्षमता ५५% वरून सु. ५८% होते, मूळच्या तुलनेत हा लाभ ६ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यासाठी प्रत्येक ज्वलनकक्षाचे घनफळ सु. ८ घ. सेंमी.ने घटवावे लागते. कक्षाचे क्षेत्रफळ सिलिंडराएवढे धरल्यास हेड २ मिमी.हून अधिक छिलावे लागेल. एवढ्याने हेड कमकुवत होते, झडपा चालविणाऱ्या दांड्यांची भूमिती बिघडते व मिश्रण अवेळी पेटून एंजिनात ठोके पडू लागतात. दीर्घकाळ ठोके पडत राहिल्यास दट्ट्याला भोक पडू शकते. म्हणून जाणता मिस्तरी हेड थोडेच छिलतो व आधी वापरावयाच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक विचारतो.

वेगाविषयीचा गैरसमज यापेक्षा मोठा आहे. अतिवेगात हवेच्या रोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सर्वोच्च वेग १०% वाढवावयाचा असल्यास शक्ती सु. ३३% वाढवावी लागते. याउलट गाडी थांबविताना ब्रेकांनी शोषावयाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ८० किमी.ऐवजी १०० किमी. वेग असल्यास ती ५६% अधिक असते. पद्मिनीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. अशा गाडीचे केवळ एंजिन बलवान करणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय.

सुधारणांचा क्रम : यावरून अनुभवी मंडळांनी सांगितलेला क्रम समजतो. प्रथम संपीडनाचा दाब मोजून एंजिनाची प्रकृती तपासावी. चार सिलिंडरांतील दाबांत मोठा फरक असल्यास दुरुस्ती आधी करावी. नंतर टायर, ब्रेक, सुकाणूचे सांधे व आघातशोषक यांकडे वळावे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसविणे व त्यांना निर्वात साहाय्यक जोडणे ही या टप्प्यातील कामे होत. तिसऱ्या टप्प्यात प्रज्वलन व शीतन : डायनामोऐवजी आल्टरनेटर, संपर्कबिंदूंऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन व स्वच्छ रेडिएटर. त्यानंतर हवेचा मार्ग मोकळा करणे, म्हणजे मोठा कार्ब्युरेटर, गुळगुळीत केलेली चोषणद्वारे आणि स्वतंत्र नळ्यांची निष्कास बहुशाखा. झडपा अधिक काळ उघडी ठेवणारा कॅमदंड सर्वांत शेवटी येतो. त्याने उच्च वेगात शक्ती वाढते. पण मंद वेगात एंजिन अडखळते व माटुंग्याच्या रहदारीत गाडी चालविणे त्रासाचे होते. एका वेळी एकच बदल करणे व प्रत्येक बदलानंतर मोजमाप वहीत नोंदविणे ही शिस्त पाळली नाही, तर लाभ कशामुळे झाला वा हानी कशामुळे हे कळत नाही.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांतून हीच शिस्त आता अभ्यासक्रमाबाहेर शिकविली जाते. २००७ पासून भरणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत प्रारंभी सर्व संघांना एकसारखे एंजिन दिले जाई व त्यात फेरफार करण्यास मनाई होती. त्यामुळे वजन, दंतचक्रांची गुणोत्तरे व निलंबन यांतूनच सरशी साधावी लागे. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत पेट्रोल एंजिनाची हवा २० मिमी. व्यासाच्या छिद्रातून घ्यावी लागते. हवा म्हणजेच शक्ती हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. व्हीजेटीआयसारख्या संस्थांतील विद्यार्थी अशा गाड्यांची रचना व बांधणी स्वतः करतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने निर्दिष्ट केलेल्या तपशिलांपेक्षा वाहन वेगळे होईल असे फेरफार करता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्यास मात्र वाव आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने संपीडित नैसर्गिक वायूवर नेण्यात आल्या, हे एंजिनातील वैध फेरफाराचे शहरातील बहुधा सर्वांत मोठे उदाहरण होय. वायू सिलिंडरात हवेची जागा व्यापत असल्याने त्यात थोडी शक्ती गमवावी लागते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. प्रथम नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे असते. सांगाडा, कवच व एंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे, तसेच तिचा नित्य वा व्यावसायिक वापर करता येत नाही. मूळ स्वरूप जपणाऱ्या मंडळांच्या भूमिकेस यामुळे कायद्याचा आधार मिळाला; फेरफार करणाऱ्यांपुढे मात्र बंदिस्त धावपट्टी हाच सुरक्षित व वैध पर्याय उरतो.

सद्यःस्थिती : इंधन अंतःक्षेपण व संगणकीय नियंत्रण आल्यापासून सुधारणेचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी जेट व पाने यांनी होणारे काम आता नियंत्रकातील आकडे बदलून होते. ते जलद होत असले, तरी ठोके, तापमान व निष्कासातील प्रदूषके यांचे गणित न समजता केलेला बदल पूर्वीइतकाच घातक ठरतो. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या प्रारंभी थांबले व २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. टॅक्सींच्या रूपाने असलेली नित्याची मागणी संपल्याने सुटे भाग बनविणारे, सिलिंडर कोरणारे व कार्ब्युरेटर जुळविणारे कारागीर यांचा व्यवसाय आकुंचित होत आहे. एखादी जुनी गाडी पैसे मोजून मिळविता येते. ती चालती ठेवणारा हात मात्र तसा मिळत नाही. म्हणून मापे, जुळवणीचे आकडे व दुरुस्तीच्या रीती लिहून ठेवणे आणि वृद्ध मिस्तरींच्या हाताखाली तरुणांना बसविणे, हे मोटारप्रेमी मंडळांचे फेऱ्या व प्रदर्शने यांहून अधिक निकडीचे कार्य ठरले आहे.