बाळ भाषा कुणाकडून शिकतं?

दीड वर्षाच्या मुलाला भरवताना मोबाइलवर बडबडगीतं लावून देणं आता घरोघरी चालतं. मूल एका जागी बसतं, चार घास जास्त जातात आणि शब्दही कानावर पडतात, असा त्यामागचा विचार. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असतील, तिसरी तपासून पाहायला हवी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली ९ महिन्यांची बाळं निवडली. त्यांच्यासमोर बसून मँडरिन बोलणाऱ्यांनी पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली. महिनाभरात साधारण २५ मिनिटांच्या १२ बैठका झाल्या. तेवढ्यावर ही बाळं इंग्रजीत नसलेले दोन मँडरिन ध्वनी वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तेच सगळं पडद्यावर दाखवलं, तर मँडरिन अजिबात न ऐकलेल्या बाळांहून त्यांना जास्त काही कळेना. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

यावर पालक म्हणतील, आमचं मूल तर रंग आणि प्राण्यांची नावं मोबाइलवरूनच शिकलं. संशोधक जूडी डिलोच यांनी २०१० साली नेमकं हेच पडताळलं. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवणारी एक लोकप्रिय डीव्हीडी चार आठवडे दाखवली. ती पाहणारी मुलं न पाहणाऱ्यांहून जास्त शब्द शिकली नाहीत. सर्वांत जास्त शब्द शिकली ती ज्यांच्या आईवडिलांनी डीव्हीडीविना, रोजच्या बोलण्यातून शिकवलं ती. आणि ज्या पालकांना डीव्हीडी फार आवडली होती, त्यांनाच आपलं मूल पुष्कळ शिकलं असं वाटत होतं. बाळ त्या वयात नवे शब्द शिकतच असतं. श्रेय मात्र मोबाइल घेऊन जातो.

मग दोष पडद्याच्या काचेचा का? तसंही नाही. २०१४ सालच्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, समोरासमोर शिकावीत तशीच. दुसऱ्या मुलाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवल्यावर मात्र शिकली नाहीत. फरक प्रतिसादाचा. माणूस मुलाची नजर जाईल तिकडचं बोलतो, हुंकार आला की थांबतो. म्हणून न्यू जर्सीतल्या नातवाशी पुण्याच्या आजीने कॉलवर मारलेल्या मराठी गप्पा मला बडबडगीतांच्या रांगेत बसवाव्याशा वाटत नाहीत. बोट लावलं की टाळ्या वाजवणारा गेमही प्रतिसाद देतो खरा, पण तो बोटाला. मुलाने काय म्हटलं ते त्याला ऐकू येत नाही.

वय वाढलं की चित्र बदलतं. १९६९ साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या टीव्ही कार्यक्रमाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शाळेच्या तयारीत मदत केल्याचे चांगले पुरावे आहेत. म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली दोन वर्षांखाली पडदा नको आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं सांगितलं आहे.

राहिला सर्वांत खरा आक्षेप: नोकरी, स्वयंपाक यांतून बोलत बसायला वेळ कुणाला आहे? थकलेल्या आईने पंधरा मिनिटं मोबाइल दिला तर तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पण बाळाला शिकवणीचा तास लागत नाही. भाजी निवडताना त्याने जुडीकडे बोट दाखवून ‘को’ म्हणावं आणि बाबाने ‘हो, कोथिंबीर’ म्हणून ती हातात द्यावी, एवढं कामाच्या धबडग्यातही जमतं.