कृतीतून भौतिकशास्त्र

भौतिकशास्त्राचा नियम फळ्यावरून वहीत उतरवून घेणे आणि तोच नियम स्वतःच्या हाताने पडताळून पाहणे, यांत मोठे अंतर आहे. साहित्य नाही, प्रयोगशाळा नाही, या सबबीखाली ते अनेकदा तसेच राहते. वस्तुतः शालेय स्तरावरील कित्येक प्रयोगांना घरगुती वस्तू पुरेशा होतात.

लंबकाचेच उदाहरण घ्यावे. दोरीला लहानसा दगड बांधून ती दाराच्या चौकटीला टांगावी. टांगलेल्या बिंदूपासून दगडाच्या मध्यापर्यंतची लांबी १ मीटर ठेवावी. दगड किंचित बाजूस नेऊन सोडावा व १० आंदोलनांचा वेळ घड्याळावर मोजावा. तो सुमारे २० सेकंद भरतो. लांबी तीच ठेवून दुप्पट वजनाचा दगड बांधल्यास वेळ वाढेल की घटेल, हे वर्गाला आधी विचारावे. वेळ बदलत नाही, हे विद्यार्थी स्वतः मोजून पाहतात. मग वेळ निम्मा करावयाचा तर लांबी किती ठेवावी? निम्मी, असे उत्तर येणे स्वाभाविक आहे. परंतु ५० सेंटिमीटर लांबीला सुमारे १४ सेकंद लागतात. १० सेकंदांसाठी २५ सेंटिमीटरपर्यंत यावे लागते. वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, हे सूत्र यानंतर फळ्यावर आले, तर त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

अशा कृतींना अभ्यासक्रमात स्थान देण्याचा मोठा प्रयत्न मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात झाला. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांत त्याचा आरंभ केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर लागू झाला. पुण्यातील अभियंते अरविंद गुप्ता याच सुमारास तेथे गेले. काड्यापेटीतील काड्या व सायकलीच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी आकृत्या घडविल्या. काड्यांचा चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. छपराच्या कैचीत व पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, याचा उलगडा तेथेच होतो.

या कार्यक्रमाचे बळ केवळ साहित्यात नव्हते. शिक्षकांचे प्रशिक्षण, त्यांच्या नियमित बैठका आणि पुस्तक जवळ ठेवून द्यावयाची लेखी परीक्षा व प्रात्यक्षिक परीक्षा, अशी त्याची रचना होती. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. तीस वर्षे रुजलेले कामही प्रशासनाच्या पाठबळाविना वर्गात टिकत नाही, हा त्यातील धडा होय.

म्हणूनच शिक्षकाच्या उत्साहावर सर्व भार टाकणे योग्य नव्हे. ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समितीने दोरी, मोजपट्टी, भिंग, चुंबक, तारा अशा वस्तूंची एक पेटी शाळेस द्यावी. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत दर वेळी एक कृती शिक्षकांकडून करवून घ्यावी. शाळेच्या चाचणीत एक तरी प्रश्न प्रत्यक्ष मोजमापावर असावा. परीक्षेत जे विचारले जाते, तेच वर्गात शिकविले जाते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे.