पाळी जाण्याचे वय आणि फडावरचे काम



लागण, खोडवा, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या यांविषयी या पानांतून आपण नेहमीच बोलतो. आज ज्या पाळीविषयी आम्ही लिहीत आहोत, तिचे नाव घरातसुद्धा कोणी मोठ्याने घेत नाही. पण आपल्या शेतात भांगलणीला, बेणे लावायला, तोडणीला येणाऱ्या बायकांत चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ असतात. आपल्या घरच्या बायकाही त्यांतच आल्या. तेव्हा हा विषय शेतीचाही आहे आणि घराचाही.

साधारणपणे ४५ ते ५५ या वयात बाईची पाळी कायमची थांबते. आपल्या देशात बऱ्याच जणींची ती ४६-४७ च्या सुमारासच जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे डॉक्टर धरतात. यालाच रजोनिवृत्ती म्हणतात. बाईच्या पोटात गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असते. त्यातून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात मिसळतो. वय झाले की हा रस कमी होत जातो. हा आजार नव्हे. पाळी येणे जितके नैसर्गिक, तितकेच जाणेही.

मात्र जाता जाता ती काही वर्षे त्रास देते. एकाएकी छातीपासून तोंडापर्यंत गरम वाफ आल्यासारखे होते, दरदरून घाम सुटतो, मागोमाग थंडी वाजते. रात्री झोप मोडते. सांधे धरतात, चिडचिड होते, हातातली गोष्ट विसरते, लघवीला सारखे जावे लागते. सगळ्यांनाच सगळे होते असे नाही. कोणाला काहीच जाणवत नाही, तर कोणी अगदी हैराण होते.

आता हीच बाई भर उन्हात फडात उभी आहे असे धरा. वरून ऊन, आतून वाफा, रात्रीची झोप नाही, डोक्यावर ओल्या उसाची मोळी. ती घटकाभर बांधावर टेकली की मुकादम म्हणतो, "बाई कामचुकार झाली." आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणी बेताने पिते. पाणी कमी पडले की लघवीला जळजळ सुरू होते, चक्कर येते, अंग आणखी तापते. म्हणजे निम्मा त्रास वयाचा, तर निम्मा आपल्या फडावरच्या गैरसोयीचा. वय थांबवता येत नाही. गैरसोय दूर करता येते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल," हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून बाईही तयार होते. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक! त्यांत चाळिशीही न गाठलेल्या पुष्कळ होत्या.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पिशवी काढल्याने रक्तस्राव थांबतो. पण वाफा, सांधेदुखी, निद्रानाश हे त्रास पिशवीमुळे नसतात, अंडाशयातला रस कमी झाल्याने असतात. ते पिशवी काढून जात नाहीत. उलट पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात आणि लहान वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात. कर्करोग, मोठ्या गाठी अशा कारणांनी ऑपरेशन लागतेही, नाही असे नाही. पण अंगावरून जाते किंवा पोटात दुखते एवढ्यावरून घाई करू नये. आधी तपासणी, मग औषध, आणि तरीही ऑपरेशन सांगितले तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

सभासदांनी काय करावे?

१. फडाच्या कडेला चार बांबू आणि गोणपाट लावून आडोसा करावा. जवळ पाण्याची सोय असावी.
२. पिण्याच्या पाण्याचा माठ सावलीत आणि हाताशी ठेवावा.
३. भर दुपारी विसावा द्यावा. शक्य तेवढे काम सकाळच्या गारव्यात उरकावे.
४. त्रास असलेल्या बाईला मोळ्या वाहण्याऐवजी हलके काम द्यावे. एखाद्या दिवसाच्या खाड्याबद्दल दंड लावू नये. मुकादमालाही तसे बजावावे.

भगिनींनी काय करावे?

१. सैल सुती कपडे वापरावेत, पाणी भरपूर प्यावे. कडक चहा आणि जळजळीत तिखटाने वाफा वाढत असतील तर ते कमी करावे. मिश्री-तंबाखू सोडावी.
२. हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध, पालेभाज्या रोजच्या जेवणात असाव्यात.
३. कोणी सांगितले म्हणून दुकानातून गोळ्या आणून घेऊ नयेत. त्रास फार असेल तर त्यावर औषधे आहेत. पण कोणाला कोणते द्यायचे ते डॉक्टरांनी ठरवावे.
४. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून गेले, तर एक थेंब असला तरी ताबडतोब दाखवावे. हे लक्षण कधी कधी कर्करोगाचे असते.

आणि घरच्या पुरुषांना एक सांगणे. "हिला हल्ली काय झालंय, सारखी वसकन अंगावर येते," असे म्हणण्यापूर्वी तिचे वय आठवा, रात्री झोप लागते का ते विचारा. तोडणी आठ दिवस लांबली तर उताऱ्याची आपण केवढी काळजी करतो! तो ऊस ज्यांच्या हातांनी कारखान्यापर्यंत पोहोचतो, त्यांची थोडी काळजी केली तर काही बिघडणार नाही. आडोशाला लागतात चार बांबू. येत्या हंगामात ते आपल्या फडावर दिसावेत, एवढीच विनंती.